कार्व्हरना बोलावणारा माणूस

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी वाचणाऱ्या असंख्य घरांतून ते फिरत आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार असो, नाहीतर वस्तीतल्या वाचनालयाचे उद्घाटन, भेट म्हणून हे पुस्तक ठरलेलेच. त्यामुळे भुईमूग आणि रताळ्यांत आयुष्य वेचणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या मुलाबाळांच्या ओळखीचे आहेत. परंतु १८९६ साली, आयोवा राज्यातील महाविद्यालयाची प्रतिष्ठेची जागा सोडून अलाबामाच्या कापूसपट्ट्यात आमच्याकडे या, असे पत्र कार्व्हरना ज्यांनी धाडले त्या टस्कीगी संस्थेच्या प्राचार्यांविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. बोलले तर दोन टोकांनी बोलतात. कोणी त्यांना ‘उद्धारक’ म्हणून हार घालतो, तर कोणी ‘गोऱ्यांपुढे झुकलेला’ म्हणून मोडीत काढतो.

बुकर टी. वॉशिंग्टन यांचे काम मोजायचे तर दोन्ही घोषणा बाजूला ठेवून जमाखर्च पाहावा, असे मला वाटते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वीस वर्षे कारकुनी करतो आहे. वही पाहिल्याखेरीज माझा कशावर विश्वास बसत नाही. आणि या माणसाच्या वहीत फार बोलक्या नोंदी आहेत.

पहिली नोंद खुद्द त्यांच्याच नावाची आहे. १८५६ साली व्हर्जिनिया राज्यातील एका शेतावर, गुलाम आईच्या पोटी बुकर यांचा जन्म झाला. १८६१ साली मालक वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी करण्यात आली. त्या यादीत गुराढोरांबरोबर आणि घरातल्या सामानाबरोबर पाच वर्षांच्या बुकरचेही नाव आहे आणि पुढे त्याची किंमत मांडली आहे, ४०० डॉलर. पुढे यादवी युद्ध संपले, १८६५ साली गुलामी गेली. हा मुलगा मिठाच्या भट्ट्यांवर राबला, कोळशाच्या खाणीत उतरला. १८७२ साली शिकायचे म्हणून काही रेल्वेने, काही पायी असे सुमारे पाचशे मैल अंतर तोडून तो हॅम्पटनच्या शाळेत पोहोचला, तेव्हा खिशात अर्धा डॉलर होता. तिथल्या बाईंनी प्रवेशपरीक्षा म्हणून हाती झाडू दिला आणि एक वर्ग झाडायला सांगितला. त्याने तो तीनदा झाडला, चारदा पुसला. बाईंनी हातरुमाल फिरवून पाहिला, धूळ लागली नाही, प्रवेश मिळाला.

ही झाडूची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घशाखाली सहज उतरणार नाही. माझ्याही उतरत नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या हातात जन्मानेच झाडू दिला गेला, त्यांनी शाळेच्या दारातही पुन्हा झाडूच घ्यायचा, ही कसली परीक्षा? वॉशिंग्टन मात्र आयुष्यभर ही गोष्ट अभिमानाने सांगत राहिले. हा प्रश्न इथेच ठेवून पुढे जाऊ, कारण त्यांच्या कामाचे बळ आणि त्यातले व्यंग दोन्ही त्या झाडूशी निगडित आहे.

टस्कीगीची शाळा कशी निघाली, हा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. ती कोणाच्या दयेतून निघाली नाही. अलाबामातील मेकन परगण्यात काळ्या लोकांची संख्या जास्त होती आणि त्या काळी काळ्या पुरुषांना मताधिकार होता. १८८० च्या निवडणुकीत राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिलेला एक गोरा उमेदवार लुईस ॲडम्स यांच्याकडे मते मागायला आला. ॲडम्स हे पूर्वीचे गुलाम. चामड्याचे आणि पत्र्याचे काम करणारे कुशल कारागीर. आपल्या लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होते. मते मिळतील, पण आमच्या मुलांसाठी शाळा द्या, असा त्यांनी सौदा केला. उमेदवार निवडून आला, त्याने शब्द पाळला, आणि १८८१ साली अलाबामाच्या विधिमंडळाने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. जागेसाठी किंवा इमारतीसाठी एक छदामही नाही. हॅम्पटनला पत्र गेले की शिक्षक पाठवा. लिहिणाऱ्यांना गोरा माणूस अपेक्षित होता. हॅम्पटनचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांनी पंचवीस वर्षांच्या बुकर यांचे नाव सुचवले.

वॉशिंग्टन टस्कीगीला आले आणि शाळा उघडण्यापूर्वी त्यांनी जवळजवळ महिनाभर खेडोपाडी भटकंती केली. लोकांच्याच घरी जेवले, लोकांच्याच झोपडीत निजले. त्यांनी जे पाहिले ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. एकाच खोलीत सारे कुटुंब. कापूस थेट झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला, कारण सावकाराला कापूसच हवा. भाजीपाल्याला वाफाभर जमीन सोडलेली नाही. खाणे म्हणजे डुकराची चरबी आणि मक्याची भाकरी, तेही दुकानातून उधारीवर. एका घरी जेवायला बसले तर पाच माणसांत मिळून एकच काटा होता आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात साठ डॉलरचा, हप्त्यावर घेतलेला बाजा. साठ साठ डॉलरची शिवणयंत्रेही हप्त्यावर घेतलेली, बहुतेक ठिकाणी ती वापरलीच जात नव्हती.

या लोकांना वॉशिंग्टन हसले नाहीत, पण त्यांनी त्यामागची यंत्रणा नेमकी ओळखली. गुलामी संपली तरी जमीन जुन्या मालकांकडेच राहिली होती. काळा शेतकरी ती वाट्याने करी. पेरणीपासून वेचणीपर्यंत खायला लागते, बियाणे लागते. ते दुकानदार उधार देई आणि उभे पीक गहाण लिहून घेई. भाव दुकानदाराचा, व्याज दुकानदाराचे, वही दुकानदाराच्या हातात. वेचणी झाली की हिशोब होई आणि शेतकरी बहुधा देणेकरीच निघे, म्हणून पुढच्या वर्षीही तिथेच बांधलेला. आपल्याकडे ऊसतोडणीची उचल ज्यांनी घेतली आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला वही वाचता येत नाही त्याचा मालक वही लिहिणारा असतो.

४ जुलै १८८१ रोजी एका चर्चलगतच्या पडक्या खोपट्यात तीस विद्यार्थ्यांची शाळा भरली. पाऊस आला की छपरातून गळे. मग एखादा मोठा विद्यार्थी धडा सोडून उठे आणि गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. थोड्याच दिवसांत गावाबाहेर एक मोडकळीला आलेला मळा विकायला निघाला. शंभर एकर, किंमत ५०० डॉलर. निम्मे आधी, निम्मे वर्षभरात. हॅम्पटनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर उसने दिले. हे कर्ज तीन महिन्यांत फिटले आणि आणखी दोन महिन्यांत उरलेली रक्कमही गोळा झाली. याचे बहुतेक श्रेय ऑलिव्हिया डेव्हिडसन या शिक्षिकेचे आहे. पुढे त्यांचा वॉशिंग्टन यांच्याशी विवाह झाला आणि १८८९ साली अकाली मृत्यू. त्या गावात दारोदार फिरल्या. काळ्या घरी गेल्या, गोऱ्या घरी गेल्या. पैसे नसतील तर केक द्या, पाव द्या, कोंबडी द्या; ते विकून पैसे करू. एक सत्तरीच्या आसपासची, अंगावर चिंध्या पांघरलेली म्हातारी काठी टेकत आली आणि तिने सहा अंडी दिली. तिचे अर्धे अधिक आयुष्य गुलामीत गेले होते. या संस्थेला पुढे लाखोंच्या देणग्या मिळाल्या, पण वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात त्या सहा अंड्यांएवढे मन हलवणारे दान दुसरे नव्हते असे नमूद केले आहे.

आता विटांची गोष्ट. मला या सगळ्या इतिहासात हीच सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इमारत हवी होती, विटा आणायला पैसे नव्हते, आणि गावात वीटभट्टीच नव्हती. म्हणजे संस्थेलाही विटा हव्यात आणि गावालाही. वॉशिंग्टन यांनी ठरवले, मुलांनीच विटा पाडायच्या. गुडघाभर चिखलात उभे राहून माती तुडवायची, हे काम कोणालाच आवडेना. काही विद्यार्थी तेवढ्यासाठी शाळा सोडून गेले. सुमारे २५,००० विटा पाडून पहिली भट्टी लावली, ती फसली. दुसरी फसली. तिसरी जवळजवळ आठवडाभर नीट जळत होती. आता झाले असे वाटत असताना मध्यरात्री ढासळली. शिक्षक म्हणाले, पुरे करा. हातात पैसा उरला नव्हता. वॉशिंग्टन यांच्याकडे एक घड्याळ होते. ते त्यांनी माँटगोमेरी शहरात जाऊन १५ डॉलरला गहाण टाकले आणि त्या पैशावर चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ सोडवण्याची मुदत उलटून गेली, ते गेले ते गेलेच. पण १९०० च्या सुमारास टस्कीगीचे विद्यार्थी एका हंगामात १२ लाख विटा पाडत होते आणि संस्थेच्या आवारातील चाळीसपैकी चार सोडता सर्व इमारती विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या.

यातून बाहेर जे घडले तेही पाहा. ज्या गोऱ्यांना काळ्यांच्या शाळेबद्दल काडीचीही सहानुभूती नव्हती तेही विटा घ्यायला येऊ लागले, कारण विटा चांगल्या होत्या आणि दुसरीकडे मिळत नव्हत्या. पुढे गाड्या, छकडेही तसेच विकले जाऊ लागले. टस्कीगीचे कौशल्य-शिक्षण बाजाराला काय हवे ते आधी पाहून ठरत असे. आमच्या भागात शिवणवर्गाच्या किती तुकड्या निघाल्या याची मला मोजदाद नाही. प्रमाणपत्रे वाटली, फोटो काढले. पण त्या बायांना शिवायला कापड कोण देणार, शिवलेले कोण घेणार, हे योजनेच्या कागदावर कुठेच नव्हते. दरवर्षी निधीच्या शीर्षकाखाली जे बसते ते शिकवले जाते.

अर्थात आईबापांची तक्रारही समजून घेतली पाहिजे. मुलांना आम्ही राबायला नव्हे, शिकायला पाठवले, असे निरोप खेड्यांतून येत. जितकी पुस्तके जाड तितके शिक्षण मोठे, अशी त्यांची समजूत. वॉशिंग्टन यांनी माघार घेतली नाही, पण वाट काढली. १८८४ पासून रात्रशाळा सुरू केली. ज्यांच्याकडे खाण्यापिण्याच्या खर्चाचे पैसे नाहीत त्यांनी दिवसा दहा तास एखाद्या कारखान्यात काम शिकायचे, संध्याकाळी दोन तास अभ्यास करायचा. मजुरीतला थोडाच भाग हातात. बाकी संस्थेकडे जमा, जेणेकरून पुढे दिवसाच्या शाळेत गेल्यावर त्यातून जेवणखर्च भागेल. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे ‘कमवा आणि शिका’ हे शब्द घरोघरी पोहोचले, त्याच वाटेवरचा हा प्रयोग.

संस्थेच्या कुंपणाआत मुले शिकत होती. पण कुंपणाबाहेरच्या बापाचे काय? फेब्रुवारी १८९२ मध्ये वॉशिंग्टन यांनी परिसरातील ७५ शेतकऱ्यांना एक दिवस बोलावणे पाठवले. आले कित्येक शेकडा. व्यासपीठावर विद्वानांची भाषणे नव्हती. शेतकऱ्यानेच उठून सांगायचे की जमीन स्वतःची किती, गहाण किती, घराला खोल्या किती, गावची शाळा वर्षातून किती महिने चालते. मग एखाद्याने गहाणातून सुटका कशी करून घेतली ते तो सांगे आणि बाकीचे ऐकत. ही परिषद त्या काळच्या भाषेत ‘निग्रो परिषद’ म्हणून ओळखली गेली आणि दरवर्षी भरू लागली.

शनिवारी पुरुष बाजाराला येत, बरोबर बायकाही येत आणि दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून राहत. वॉशिंग्टन यांच्या तिसऱ्या पत्नी मार्गारेट मरे यांनी त्यांच्यासाठी बाजारातच एक खोली घेतली. सुरुवातीला मोजक्याच बायका आल्या. मुलांची अंघोळ, आजारपण, शिवणटिपण, कोंबड्या-अंड्यांचा पैसा कसा बाजूला ठेवावा, अशा गोष्टी तिथे बोलल्या जात. त्या माता-सभांना पुढे चांगलीच गर्दी होऊ लागली. गृहिणीच्या गाठीला चार पैसे राहिले तर सावकाराचा उंबरठा एका महिन्याने उशिरा चढावा लागतो, हे आपल्या बचतगटांतल्या भगिनींना कोणी शिकवायला नको.

तरीही सर्वांत दरिद्री शेतकरी परिषदेलाही येत नव्हता आणि बाजारालाही. त्याच्याकडे यायला जनावर नव्हते, अंगात धड कपडा नव्हता. मग संस्थेनेच त्याच्याकडे जायचे ठरवले. कार्व्हर यांनी एका गाडीचा आराखडा केला, न्यूयॉर्कचे सावकारी पेढीवाले मॉरिस जेसप यांनी पैसा दिला आणि १९०६ साली खेचरे जुंपलेली ‘जेसप गाडी’ खेडोपाडी हिंडू लागली. गाडीत नांगर, बागकामाची अवजारे, बियाणे, खते, दूध तपासण्याचे साधन, साय काढण्याचे यंत्र, लोणी घुसळण्याचा रवी-डेरा. गाडी एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर थांबे. शेजारपाजारचे जमत. भाषण नाही, त्याच्याच शेतात, त्याच्याच मातीत नांगर घालून दाखवायचे. त्याच वर्षी टस्कीगीचाच विद्यार्थी थॉमस मन्रो कॅम्पबेल याची अमेरिकेच्या कृषी खात्याने नेमणूक केली. त्या खात्याचा तो पहिला कृष्णवर्णीय प्रात्यक्षिक-प्रतिनिधी. पुढे १९१४ च्या कायद्याने सबंध अमेरिकेत कृषी-विस्ताराची सरकारी सेवा सुरू झाली, मात्र दक्षिणेत त्या निधीच्या किल्ल्या गोऱ्या महाविद्यालयांच्या हाती राहिल्या. खेचरांच्या गाडीची जागा १९१८ साली मोटारट्रकने घेतली आणि नंतर त्या ट्रकमध्ये परिचारिकाही बसू लागली.

या परिचारिकेवरून एक काळी नोंद इथेच करायला हवी. चाकावरच्या शाळेने खेड्यांत जो विश्वास कमावला तो फार मोठा होता. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने याच मेकन परगण्यातील सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर एक पाहणी सुरू केली. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना खरे निदान सांगितले नाही. पेनिसिलीन हाती आल्यावरही उपचार दिले नाहीत. रोग वाढतो कसा एवढेच पाहत राहिले, १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे. टस्कीगीच्या रुग्णालयाचे सहकार्य त्याला होते, आणि चाकावरच्या शाळेत पूर्वी काम केलेली एक परिचारिकाच त्या माणसांना गाडीतून तपासणीला आणत असे. वॉशिंग्टन तेव्हा हयात नव्हते. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली.

वॉशिंग्टन यांच्या अखेरच्या वर्षांतले सर्वांत मोठे काम मात्र शेतावरचे नव्हे, प्राथमिक शाळांचे. १९१२ साली शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातल्या उरलेल्या पैशातून वॉशिंग्टन यांनी परिसरात सहा छोट्या खेडेशाळा बांधून पाहण्याची परवानगी मागितली. अट अशी की गावाने आपला वाटा उचलायचा आणि शाळा सरकारी व्यवस्थेत घ्यायची. सहाच्या पुढे १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत जवळजवळ ५,००० शाळा झाल्या. त्या एकूण खर्चाची विभागणी मी पुन्हा पुन्हा वाचतो. रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख डॉलर. काळ्या समाजाचे, म्हणजे वाट्याने शेती करणाऱ्यांचे, धुणीभांडी करणाऱ्यांचे, ४७ लाख डॉलर. नाव दात्याचे, पण दात्यापेक्षा जास्त दिले ते त्यांनी, आणि तेही आधी सरकारचा कर भरून. कोणी कापसाचा एक वाफा शाळेच्या नावाने राखला, कोणी लाकूड दिले, कोणी हात दिले.

आता दुसरी बाजू.

१८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथे वॉशिंग्टन यांचे जे भाषण झाले त्याने ते देशभर प्रसिद्ध झाले. सामाजिक बाबतीत आम्ही आणि तुम्ही वेगळे राहिलो तरी चालेल, उद्योगधंद्यात एकत्र राहू; हक्कांसाठी आंदोलन करत बसणे शहाणपणाचे नाही, आधी काम आणि कमाई, असा त्याचा आशय. गोऱ्यांनी डोक्यावर घेतले. १९०३ साली एकट्या कार्नेगी यांनी संस्थेला सहा लाख डॉलर दिले. त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी आपल्या पुस्तकातून जाहीर प्रश्न विचारला : मताचा अधिकार सोडला, नागरी समता सोडली, उच्च शिक्षण मागे ठेवले, तर कारागीर आणि शेतकरी झालेला माणूस आपली मालमत्ता राखणार कशाच्या जोरावर?

हा प्रश्न हवेतला नव्हता. अलाबामाने १९०१ साली नवी राज्यघटना केली. साक्षरतेची अट, मालमत्तेची अट, मतदानाचा कर. राज्यात मताच्या वयाचे काळे पुरुष सुमारे १ लाख ८१ हजार होते. त्यांपैकी ३,००० च्या आत मतदार यादीत उरले. ज्या मतांच्या सौद्यातून टस्कीगी उभी राहिली, तीच मते गेली. लाखो विटा पाडून झाल्या होत्या, त्यांनी हे थांबले नाही. डु बॉईस बरोबर होते, असे माझे स्पष्ट मत आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा वॉशिंग्टन यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे चालू होती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेत ज्यांना पत्र लिहिले ते डु बॉईस होते; काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. पण मजूरमंत्री असताना, १९४२ च्या निवेदनात, याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्याही मागितल्या होत्या. हाताचे कौशल्य की हक्क, अशी निवड त्यांनी कधी केली नाही.

आणि वॉशिंग्टन यांनी तरी केली होती का? त्यांची कागदपत्रे १९७२ पासून लुई हार्लन यांनी खंडाखंडांनी प्रसिद्ध केली, तेव्हा एक निराळीच वही सर्वांसमोर उघडी झाली. जाहीर सभांत आंदोलनाला नको म्हणणारा हा माणूस अलाबामाच्या नव्या घटनेविरुद्धचे खटले गुपचूप स्वतःच्या पैशाने लढवत होता. पत्रव्यवहार टोपणनावांनी चाले. जॅक्सन गाइल्स हा माँटगोमेरीच्या टपाल कचेरीतला लिहिता-वाचता येणारा काळा नोकर मताधिकारासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०३ साली न्यायालयाने हात वर केले. दुसरा खटला अलोंझो बेली या शेतमजुराचा. त्याने १५ डॉलर उचल घेतली होती, महिना १२ डॉलरने वर्षभर काम करायचे होते, काही आठवड्यांनी तो सोडून गेला. उचल घेऊन काम सोडले की फसवणूक मानायची आणि सक्तमजुरी द्यायची, असा राज्याचा कायदा होता. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. या खटल्यामागेही वॉशिंग्टन यांचा लपलेला हात होता. उघडपणे बोलले असते तर देणग्या बंद झाल्या असत्या, कदाचित संस्थाही जळाली असती. हे कारण मी समजू शकतो. पण उघड न बोलण्याची किंमतही होती : खेड्यातल्या माणसाने त्यांचे अटलांटाचे शब्द ऐकले, खटल्याचा खर्च त्याला दिसला नाही.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी वॉशिंग्टन यांचे टस्कीगी येथे निधन झाले. तेव्हा संस्थेच्या शंभरावर इमारती होत्या, दीड हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. १९८५ पासून ती टस्कीगी विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

त्यानंतरची एक हकीकत सांगायची राहिली. शिकलेले, पगारी, घरदार असलेले टस्कीगीचे काळे नागरिक १९५० नंतर चिकाटीने मतदार यादीत नावे घालू लागले. घाबरून १९५७ साली अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी शहराची हद्दच बदलली. चौकोनी शहर अठ्ठावीस कोनांचे वेडेवाकडे झाले. सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच आत राहिले, बाकी सगळे, आणि खुद्द वॉशिंग्टन यांची संस्थाही, हद्दीबाहेर गेली. गोरा मतदार एकही गेला नाही. यावर काळ्या नागरिकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी गावातल्या गोऱ्या दुकानदारांकडून माल घेणे बंद केले; जे आपले मित्र त्यांच्याकडेच खरेदी, एवढाच नियम. पैसा कोणाच्या हातात आहे आणि तो कुठे जातो हे त्यांना दोन पिढ्या शिकवले गेले होते. गावातल्या काही दुकानांना टाळे लागले. संस्थेतील समाजशास्त्राचे अध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी न्यायालयात दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, एकमताने त्यांच्या बाजूने निकाल झाला आणि शहराची जुनी हद्द परत आली. निकालाची तारीख होती १४ नोव्हेंबर १९६०.